त्रेपन्नावा दरवाजा



मराठी माणूस नव्या ओळखीच्या माणसाला तिसऱ्या-चौथ्या वाक्यालाच विचारतो, ‘आपण मूळचे कुठले?’ आडनाव कळलेलं असतं, नोकरी कळलेली असते, तरी मूळ गाव कळल्याशिवाय ओळख पुरी झाल्यासारखी त्याला वाटत नाही. समोरचा सांगतो, ‘राहायला सिडकोत, पण आम्ही मूळचे वैजापूरकडचे.’ मग वैजापूरकडचं कोणतं गाव, तिथे आजोबा कुठून आले, अशी चौकशी पुढे सरकते. बहुतेकांची माहिती पणजोबांपाशी संपते. ज्यांच्या घराची भाटाच्या वहीत नोंद आहे, ते आणखी सात-आठ पिढ्या मागे जातात. त्यापलीकडे सहसा कुणी जात नाही.

आज मला हा साधा प्रश्न बराच मागे न्यायचा आहे. पणजोबांच्या मागे, घराण्याच्या मागे, माणूस माणूस होण्याच्याही मागे. तसं केलं की आपण सगळे पाण्यापाशी, समुद्रापाशी पोचतो. आणि हे मी बोलतो आहे ते अशा शहरातून, जिथून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी सुमारे पावणेतीनशे किलोमीटर लांब आहे.

आमच्या पायाखाली काळा खडक आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांमधून लाव्हा वाहिला, थरांवर थर साचले आणि दख्खनचं पठार तयार झालं. वेरूळचं कैलास लेणं याच दगडात कोरलं आहे. या दगडाला समुद्राचा वास नाही. तरीही मराठवाड्याचं समुद्रावाचून कधी चाललं नाही. अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचं जहाज रंगवलेलं आहे. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पैठणचा उल्लेख आहे. तिथले मौल्यवान दगड गाड्यांत भरून भडोचच्या बंदराला जात आणि ही वाट वीस दिवसांची होती, असं त्यात नोंदवलं आहे. त्याच पैठणला गोदावरीवर धरण झालं, तेव्हा आम्ही त्या साठलेल्या पाण्याला नाव दिलं ‘नाथसागर’. समुद्र नसलेल्या मुलखाला सागर हा शब्द हवाच असतो.

आणि मीठ? रेल्वे नव्हती, तेव्हा किनाऱ्यावरचं मीठ घाट चढून इथवर आणलं ते बंजाऱ्यांनी, बैलांच्या पाठीवरून. शेकडो बैलांचे तांडे किनाऱ्याहून मीठ आणि देशावरून धान्य वाहून नेत. ‘लमाण’ हा शब्दच ‘लवण’ म्हणजे मीठ यावरून आला, असं एक मत आहे. माणसाला मिठासाठी इतका आटापिटा का करावा लागतो, याचं उत्तर शोधायला गेलं की आपण पहिल्यांदा समुद्राच्या वाटेला लागतो.

आजारी माणसाला आपण ‘सलाईन लावलं’ म्हणतो. त्या बाटलीत एका लिटर पाण्यात नऊ ग्रॅम मीठ असतं. आपल्या रक्तातल्या पाण्याचा खारटपणा साधारण तेवढाच आहे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सरासरी पस्तीस ग्रॅम क्षार असतात. म्हणून ‘आपल्या नसांतून समुद्र वाहतो’ हे वाक्य कवितेत शोभतं, पण हिशेबात ते जवळजवळ चौपटीनं चुकतं. समुद्राचं पाणी प्यायलं तर आपण मरतो, कारण एवढं मीठ बाहेर टाकण्याची ताकद आपल्या मूत्रपिंडात नाही. मात्र मिठाशिवायही आपण जगू शकत नाही. जीवसृष्टी पहिली अब्जावधी वर्षं पाण्यातच वाढली. ती जमिनीवर आली, तेव्हा पेशीभोवतालचं खारट पाणी आपल्याबरोबर घेऊनच आली. बाहेरचं तळं मागे राहिलं, आतलं राहिलं नाही. ते आतलं पाणी ठरावीक खारट ठेवण्याचं काम मूत्रपिंड रात्रंदिवस करत असतं.

आयोडीनचीही तीच गोष्ट. गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला आयोडीन लागतं आणि त्याचा मोठा साठा समुद्रात आहे. डोंगराळ भागात पाऊस आणि बर्फ ते मातीतून धुऊन नेतात. हिमालयाच्या पायथ्याच्या गावांमधून पूर्वी गलगंडाचे रोगी घरोघर दिसत. डॉ. वि. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून कांगडा खोऱ्यात मिठात आयोडीन मिसळून देण्याचा प्रयोग केला, गलगंड कमी झाला आणि त्यातूनच पुढे देशाचा कार्यक्रम उभा राहिला. आज आपण वाण्याकडून आणतो त्या मिठाच्या पिशवीवर ‘आयोडीनयुक्त’ असं लिहिलेलं असतं. किनाऱ्यापासून लांब गेलेल्या माणसाला पाठवलेली ती समुद्राची शिदोरी आहे.

श्रोतेहो, आता जरा आपल्या हाताकडे पाहा. खांद्यापासून कोपरापर्यंत एक हाड. कोपरापासून मनगटापर्यंत दोन. मनगटात लहान लहान हाडांचा पुंजका आणि पुढे बोटं. वटवाघळाच्या पंखात हीच मांडणी आहे, घोड्याच्या पायात आणि देवमाशाच्या वल्ह्यासारख्या परातही आहे. ही मांडणी आली कुठून? २००४ मध्ये कॅनडाच्या उत्तरेला, बर्फाळ एल्समियर बेटावर, नील शुबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एका माशाचा जीवाश्म मिळाला. त्याला त्यांनी ‘टिक्टालिक’ असं नाव दिलं. वय साडेसदतीस कोटी वर्षं. अंगावर खवले, कल्ले आणि पर. पण डोकं मगरीसारखं चपटं, माशाला नसते ती मान, आणि परांच्या आत एक हाड, मग दोन हाडं, मग मनगटाच्या जागी लहान हाडं. हा प्राणी उथळ पाण्यात परांवर रेटा देऊन शरीर उचलत असावा. समुद्रातून खाडीत, खाडीतून ओढ्यात आणि ओढ्यातून चिखलात, असा हा प्रवास कोट्यवधी वर्षांचा आहे. टिक्टालिक आपला थेट पूर्वज होता असं शास्त्रज्ञ म्हणत नाहीत. ज्या कुळातून आपण आलो, त्या कुळातला तो आहे, एवढंच म्हणतात. चुलत घराणं समजा.

आता माझ्या आवाजाचं घ्या. हा आवाज तुमच्यापर्यंत येतो आहे, कारण माझ्या स्वरयंत्राला हलवणारी एक नस शाबूत आहे. मेंदूपासून स्वरयंत्र वीतभर अंतरावर. पण डावीकडची ही नस सरळ तिथे जात नाही. ती मानेतून खाली छातीत उतरते, हृदयाजवळच्या मोठ्या धमनीला वळसा घालते आणि पुन्हा वर गळ्यात येते. जिराफाच्या अंगात हा फेरा कित्येक मीटरांचा होतो. कोणताही शहाणा वायरमन अशी वायर टाकणार नाही. मात्र माशामध्ये हृदय कल्ल्यांच्या जवळ असतं, मान नसतेच, आणि तिथे कल्ल्यांकडे जाणारी हीच नस अगदी सरळ असते. पुढे मान लांबली, हृदय खाली सरकलं, नस धमनीत अडकलेली राहिली आणि ताणली गेली. म्हणजे मी तुमच्याशी बोलतो आहे तो माशाच्या नसेनं. आणि तुम्ही ऐकता आहात तेही तसंच. गर्भ चार आठवड्यांचा असताना त्याच्या गळ्याशी काही वळ्या दिसतात. माशात त्यांच्यातून कल्ले घडतात. आपल्यात त्यांच्यातून जबडा, गळा आणि कानातली इवलीशी हाडं घडतात.

हे ऐकून काही जणांना वाईट वाटतं. आपण माकडाचे आणि त्याआधी माशाचे वंशज, यात त्यांना कमीपणा वाटतो. काही जण उलट उत्साहात येतात आणि म्हणतात, हे सगळं आमच्या धर्मग्रंथात आधीच आहे. पुराणातला पहिला अवतार मत्स्याचा. कुराणातही सजीवांची घडण पाण्यापासून झाल्याचा उल्लेख आहे. दोन्ही गोष्टी मला लहानपणापासून प्रिय आहेत, पण म्हणून मी त्यांना जीवशास्त्राच्या परीक्षेला बसवणार नाही. श्रद्धेचं काम माणसाला नम्र करणं आहे. हाडांचं वय मोजायला वेगळी साधनं आहेत. ही दोन्ही कामं एकाच घरात, एकाच माणसाच्या मनात सुखानं चालू शकतात. काळजी वाटते ती मुलांना हा विषय कळूच न देण्याची. २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला, तेव्हा अठराशेहून अधिक शास्त्रज्ञांनी आणि शिक्षकांनी जाहीर पत्र काढून विरोध केला. त्यांचं म्हणणं साधं होतं : दहावीनंतर विज्ञान सोडणाऱ्या मुलाला आपण कोण आहोत, हे मग कधीच कुणी सांगणार नाही. आपल्या राज्य मंडळाच्या २०१८ मधल्या दहावीच्या पुस्तकात मात्र ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा पहिलाच धडा होता.

माशापासून माणसापर्यंतची वाट मोठी आहे. त्या वाटेवर एक मोहक फसगत आहे, ती सांगतो. १९६० मध्ये ॲलिस्टर हार्डी या ब्रिटिश सागरी प्राणिशास्त्रज्ञानं अशी कल्पना मांडली की, आपले वानरासारखे पूर्वज मधल्या काळात पुन्हा किनाऱ्याच्या पाण्यात राहायला गेले असावेत. म्हणून आपल्या अंगावर केस नाहीत, कातडीखाली चरबी आहे, आपण श्वास रोखू शकतो, आणि पाण्यात उभं राहता राहता दोन पायांवर चालायला शिकलो. पुढे एलेन मॉर्गन या लेखिकेनं ती घरोघर पोचवली. कवीला तर ती फारच आवडावी. पण पुरावा तिच्या बाजूनं उभा राहिला नाही. टांझानियात लाएटोली इथे छत्तीस लाख वर्षांपूर्वीच्या पाऊलखुणा मिळाल्या. दोन पायांवर चालणाऱ्यांच्या त्या खुणा ज्वालामुखीच्या ओल्या राखेत उमटल्या होत्या, सागरकिनाऱ्यावर नव्हे. अंगावरचे केस कमी झाले, ते तापत्या उन्हात घाम गाळून शरीर थंड ठेवण्यासाठी, असं बहुतेक अभ्यासक मानतात. शिवाय ही सगळी लक्षणं एकाच काळात आलेली नाहीत. तेव्हा जलवानराची गोष्ट आपण गोष्ट म्हणूनच ठेवू.

मात्र माणूस झाल्यानंतर तो समुद्राकडे गेला, याचा पुरावा पक्का आहे. दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पिनॅकल पॉइंट नावाच्या जागी समुद्राकडे तोंड केलेल्या गुहा आहेत. तिथे १ लाख ६४ हजार वर्षांपूर्वीच्या थरात माणसांनी खाल्लेल्या शिंपल्यांची टरफलं मिळाली. कर्टिस मॅरियन यांच्या गटानं २००७ मध्ये हे प्रसिद्ध केलं. हवामान कोरडं आणि थंड झालेलं, जमिनीवर शिकार दुर्मीळ. अशा वेळी समुद्रानं माणसाला खाऊ घातलं. शिंपले खडकाला चिकटलेले असतात, पळत नाहीत. पण ते काढायला ओहोटीची वेळ कळावी लागते. कोकणातल्या बाया आजही तिथी पाहून कालवं काढायला खडकावर उतरतात. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी सर्वांत मागे हटतं, हे त्यांना कुणी पुस्तकातून शिकवलेलं नसतं. चंद्र आणि भाकरी यांचं नातं माणसानं फार पूर्वी, कुठल्यातरी किनाऱ्यावर ओळखलं असणार.

आपली जात, म्हणजे आजच्या सगळ्या माणसांची एकच जात, आफ्रिकेत घडली. मोरोक्कोत जेबेल इरहूद इथे मिळालेले अवशेष सुमारे तीन लाख वर्षांपूर्वीचे आहेत. इथिओपियातल्या ओमो नदीच्या खोऱ्यातले दोन लाखांहून जुने. त्याच इथिओपियात, हदार इथे, २४ नोव्हेंबर १९७४ ला डोनाल्ड जोहान्सन यांना ‘ल्यूसी’चा सांगाडा मिळाला. ती बत्तीस लाख वर्षांपूर्वीची, आपल्याहून कितीतरी आधीची, उंचीनं लहान मुलाएवढी. पण चालायची दोन पायांवर. इथिओपियातले लोक तिला ल्यूसी म्हणत नाहीत. ते म्हणतात ‘दिन्किनेश’. अम्हारिक भाषेत त्याचा अर्थ ‘तू अद्भुत आहेस’ असा आहे.

आफ्रिकेतून माणसं बाहेर पडली ती अनेकदा. पण आज आफ्रिकेबाहेर राहणाऱ्या बहुतेक सगळ्यांचे पूर्वज साधारण पन्नास ते सत्तर हजार वर्षांपूर्वी निघालेल्या एका लाटेतले आहेत. निघण्याच्या वाटा दोन : एक उत्तरेकडून सिनाईच्या वाळवंटातून, दुसरी दक्षिणेकडून, तांबड्या समुद्राच्या तोंडाशी. तिथे आफ्रिका आणि अरबस्तान एकमेकांच्या इतके जवळ येतात की मधलं पाणी आज फक्त तीसेक किलोमीटर रुंद आहे. हिमयुगात समुद्र खाली गेला होता, तेव्हा ते याहून अरुंद होतं. या सामुद्रधुनीचं अरबी नाव आहे ‘बाब-अल्-मंदब’. बाब म्हणजे दरवाजा, मंदब म्हणजे विलाप, आसवं. आसवांचा दरवाजा.

आमचं शहर बावन्न दरवाजांचं म्हणून ओळखलं जातं. भडकल दरवाजा, मकाई दरवाजा, पैठण दरवाजा, दिल्ली दरवाजा. किती उरले, किती पडले, याचा हिशेब इतिहासाचे अभ्यासक करत असतात. मला त्या यादीत हा एक त्रेपन्नावा दरवाजा जोडावासा वाटतो. कारण या शहराचा त्याच्याशी दोनदा संबंध आला आहे.

पहिला संबंध सगळ्या भारताचाच. दरवाजा ओलांडलेली माणसं किनाऱ्याकिनाऱ्यानं पुढे सरकत भारतात आली, असं अनेक अभ्यासकांचं मत आहे. काही जण नद्यांच्या काठांनी आत येण्याच्या वाटेवर भर देतात. किनाऱ्याच्या वाटेचा पुरावा हाती लागणं कठीण, कारण हिमयुग संपल्यावर समुद्र सव्वाशे मीटरच्या आसपास वर चढला. मुंबई-कोकणासमोरचा त्या काळचा किनारा आज अरबी समुद्राच्या तळाशी आहे. या किनाऱ्यावरून चाललेल्या पहिल्या माणसांच्या चुली कुठे असतील, तर त्या आज मासेमारी बोटींच्या खाली आहेत. पण शरीरात खूण राहिली. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेचे कुमारस्वामी थंगराज आणि लालजी सिंग यांनी २००५ मध्ये अंदमानच्या ओंगी आणि ग्रेट अंदमानी लोकांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आईकडून येणाऱ्या त्यांच्या जनुकांचा धागा फार प्राचीन काळी वेगळा झालेला आहे आणि तो याच पहिल्या प्रवासाकडे बोट दाखवतो. तीच माणसं पुढे किमान पन्नास हजार वर्षांपूर्वी ऑस्ट्रेलियात पोचली, आणि तिथे तर समुद्र ओलांडल्याशिवाय जाताच येत नव्हतं. लिपी नव्हती, चाक नव्हतं, पण कसलं तरी तरंगणारं साधन होतं.

ही माणसं आमच्या परिसरात दिसतात ती कन्नडचा घाट उतरल्यावर, चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणे इथे. पुरातत्त्वज्ञ शां. अ. साळी यांनी १९७२-७३ मध्ये तिथे उत्खनन केलं. त्यात शहामृगाच्या अंड्याच्या कवचापासून केलेले मणी मिळाले आणि त्याच कवचाचा एक तुकडा मिळाला, ज्यावर रेघारेघांची नक्षी कोरली होती. वय सुमारे पंचवीस हजार वर्षं. शहामृग तेव्हा खानदेशात होते, हे ऐकून मुलांना गंमत वाटते. मला वाटतं ती त्या हाताबद्दल. पोट भरल्यावर, किंवा कदाचित भरलेलं नसतानाही, सातमाळ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी बसून कुणीतरी कवचावर उगाच रेघा ओढत होतं. मराठी मुलुखातल्या कलेचा उगम शोधायचा तर माझ्या मते इथपासून शोधावा. आफ्रिकेतही साठ हजार वर्षांपूर्वीची शहामृगाच्या कवचावरची नक्षी मिळाली आहे. सवय जुनी दिसते.

दुसरा संबंध आमच्या शहराचा खास. १५४८ च्या सुमारास, ल्यूसीच्या त्याच इथिओपियात एक मुलगा जन्मला. नाव चापू. लहानपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला. तांबड्या समुद्राच्या त्या तोंडाशी असलेलं मोखा बंदर, मग बगदाद, मग पुन्हा समुद्र आणि दख्खन, अशी त्याची विक्री होत गेली. आसवांचा दरवाजा त्यानं खरोखरच आसवांनी ओलांडला असेल. दख्खनमध्ये निजामशाहीचा पेशवा चंगेजखान यानं त्याला विकत घेतलं. तोही मूळचा हबशीच. हाच मुलगा पुढे मलिक अंबर झाला. त्यानं १६१० मध्ये खडकी हे शहर वसवलं, मोगलांवरच्या विजयाची आठवण म्हणून १६१२ मध्ये भडकल दरवाजा उभारला, खडकाळ शहराला पाणी मिळावं म्हणून भूमिगत नहर बांधली. १६२४ मधल्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूनं लढले. त्याच्या जमीनमहसुलाच्या पद्धतीला मराठी मुलुखात मलिकंबरी म्हणत. १६२६ मध्ये तो वारला. त्याची कबर खुलताबादला आहे. त्याच्या शहराची नावं बदलत गेली : खडकी, फतेहनगर, औरंगाबाद, आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. पायाखालचा खडक तोच आहे.

त्याच्या नावाचीही एक गोष्ट आहे. मराठी कानाला ‘अंबर’ म्हटलं की आकाश आठवतं. पण हे अरबी नाव आहे आणि त्याचा अर्थ एक सुगंधी पदार्थ. गुलामांना अशी नावं देण्याची रीत होती : याकूत म्हणजे माणिक, काफूर म्हणजे कापूर. अंबर तयार होतं देवमाशाच्या आतड्यात आणि लाटांवर तरंगत किनाऱ्याला लागतं. वर्तमानपत्रात अधूनमधून ‘व्हेलच्या उलटी’च्या तस्करीची बातमी येते, तेच हे. म्हणजे समुद्रापासून इतक्या लांब वसलेल्या आमच्या शहराच्या संस्थापकाचं नाव समुद्रातून आलेलं आहे.

आणि देवमासा तरी मूळचा कुठला? तो मासा नाहीच. त्याचे पूर्वज चार पायांचे, जमिनीवरचे सस्तन प्राणी. साधारण पाच कोटी वर्षांपूर्वी ते पुन्हा पाण्याकडे वळले, आणि हे घडलं ते आपल्याच उपखंडाच्या किनाऱ्यांवर. जम्मू-काश्मीरमधल्या कालाकोट इथे ए. रंगा राव या भूवैज्ञानिकांनी जमवलेल्या दगडांमधून ‘इंडोहायस’ या प्राण्याचं देवमाशाशी नातं ओळखलं गेलं, २००७ मध्ये. पिसोरी हरणाएवढा, खुरांचा, पाण्यात उतरणारा. आणि कानाचं हाड देवमाशासारखं. कच्छमध्येही आदिम देवमाशांचे जीवाश्म मिळाले आहेत. कुणी पाण्यातून बाहेर आलं, कुणी परत गेलं. मूळ गाव सोडणं आणि मूळ गावी परतणं, हे माणसानं सुरू केलेलं नाही.

माझ्यासारख्या मराठीत कविता लिहिणाऱ्या मुसलमानाला ‘मूळचे कुठले’ हा प्रश्न जरा जास्त वेळा विचारला जातो. बहुतेक वेळा तो आपुलकीनंच विचारलेला असतो. कधी कधी मात्र त्याच्या पोटात दुसरा प्रश्न असतो, आणि तो ऐकू येतो. हा प्रश्न केवळ मुसलमानांनाच पडत नाही. तांड्यावरच्या बंजाऱ्याला, पालावरच्या पारध्याला, पुण्या-मुंबईत मराठवाड्याच्या पोराला, आणि मुंबईत उत्तरेतून आलेल्या मजुरालाही तो वेगवेगळ्या सुरात विचारला जातो. विचारणारा स्वतःला इथला धरून चालतो. विज्ञानाचं उत्तर सगळ्यांना सारखंच आहे. २००९ मध्ये थंगराज, लालजी सिंग आणि डेव्हिड राइश यांच्या अभ्यासातून दिसलं की, भारतातले बहुतेक सगळे समूह प्राचीन लोकसमूहांच्या मिश्रणातून झालेले आहेत. प्रमाण कमीजास्त, पण अमिश्र असं कुणी नाही. भारतातल्या मुसलमानांच्या जनुकांचे अभ्यासही झाले, आणि बहुतेक वंशधागे आसपासच्या बिगर-मुस्लिम शेजाऱ्यांचेच निघाले. उशिरा आलेला कोण आणि लवकर आलेला कोण, हा हिशेब मांडायचाच तर साठ हजार वर्षांच्या वहीत चारशे वर्षांची ओळ केवढी येईल?

यानं मूळ गावाची माया कमी होत नाही. माझं गाव माझंच आहे, तुमचं तुमचंच. बोलीभाषा, विहिरीचं पाणी, आजीच्या हातची चव, हे सगळं खरं आहे आणि त्यासाठी जीव तुटतो तोही खरा. फक्त गावाच्या मागे आणखी एक गाव आहे, त्याच्या मागे एक किनारा, त्या किनाऱ्यापाशी एक अरुंद पाणी, आणि ते ओलांडताना कुणीतरी रडलं होतं. रडताना गालावरून ओघळलं ते पाणी खारट होतं. तुमच्याही डोळ्यांत तेच आहे.

तेव्हा श्रोतेहो, पुढच्या वेळी कुणी तुम्हाला मूळ गाव विचारलं, तर आधी वैजापूरच सांगा, ते खोटं नाही. समोरच्याला वेळ असेल आणि चहा यायचा असेल, तर मग बाकीचंही सांगा.